बाईंच्या हातची गोळी

दौंडहून डॉक्टरांच्या मुलीचा फोन आला, "बाई, बाबा गेले." खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. जेवायलाही धड न बसणारा माणूस अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला मी पाहिला होता... सुटले बिचारे. रडू नंतर आलं.

मांडवगण फराट्याला त्यांचा खासगी दवाखाना आणि मी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. दोघांची तोंडं दोन दिशांना. खोकणारा माणूस आधी त्यांच्याकडे जाऊन औषधाच्या बाटल्या रिचवायचा आणि क्षयाच्या गोळ्या आमच्या कपाटात पडून राहायच्या. फुकटची गोळी लागू पडत नाही, हा गावाचा ठाम समज. पुढे सरकारचा नियम आला, गोळी दिवसाआड आणि कुणाच्या तरी नजरेसमोरच गिळायची. तेव्हा डॉक्टर आपणहून स्कूटर घेऊन केंद्रावर आले. म्हणाले, "पेशंट माझ्याकडं, गोळ्या तुमच्याकडं. तुम्हीच माझ्या दवाखान्यात बसा. पण गोळी तुम्ही द्यायची. मी दिली तर सवयीनं पुडी बांधून घरी धाडीन." आमच्या केंद्राच्या साहेबांनी मान डोलावली आणि मी तिथं त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसू लागले.

बरं चाललं होतं, आणि आबांना क्षय निघाला. आबा म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्याच गाळ्यात. थुंकीतून रक्त पडत होतं, तरी ताठा तसाच. मी बौद्ध वस्तीतली, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर, गोळी तुमीच द्या. बाईच्या हातचं मला चालायचं न्हाई."

मी डॉक्टरांकडे बघत राहिले. त्यांनी दिली असती तर दुसऱ्या दिवसापासून आबांच्या आळीतलं कुणीच माझ्या हातची गोळी घेतली नसती. नाही दिली तर आबा जीव गमावणार. डॉक्टरांनी गोळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "गुण बाईंच्या हाताला आहे, आबा. त्याच देतील." आबा उठून चालते झाले.

मी चिडले. म्हटलं, "माणूस मरंल ना. आन् तुमचा गाळाबी जाईल."

"गाळा दुसरा मिळेल. दुसऱ्या बाई कुठनं आणू?" ते हसले, पण चेहरा उतरला होता. त्यानंतर ते रोज आबांच्या घरी जायचे, चहा प्यायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. मला मेली झोप लागेना.

मग एका सकाळी आबा आले. हातात घरचा पाण्यानं भरलेला तांब्या. "गोळी वरनं टाका," म्हणाले.

"वरनं टाकली तर खाली पडंल, आबा. सरकारी हाय, लगीच दुसरी मिळायची न्हाई."

आबांनी तांब्या डाव्या हातात घेतला आणि उजवा तळहात पुढे केला. मी गोळी ठेवली, त्यांनी आपल्या तांब्यातल्या पाण्यानं गिळली. तपासणीच्या पडद्यामागून डॉक्टरांनी एवढा मोठा श्वास सोडला की बाकावरचे पेशंट हसले. पुढे उन्हाळ्यात कधीतरी आबा तांब्या न घेताच येऊ लागले. मी माठातलं पाणी द्यायची, ते प्यायचे.

दहाव्यानंतर दवाखान्यातच शोकसभा झाली. डॉक्टर आजारपणात मुलीकडे दौंडला गेल्यापासून गाळा बंद, पण आबांनी तो कुणाला दिला नव्हता. सरपंच बोलायला उभे राहिले, "डॉक्टरांनी आमच्या आबांना मरणाच्या दारातून माघारी आणलं..."

आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "गोळी बाईंनी दिली. डॉक्टर न्हाई म्हनले, म्हनून बाईंनी दिली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मात्र डॉक्टरांच्या टेबलाकडे बघायचं होतं. तिथं त्यांच्या खुर्चीला लागून माझं स्टूल होतं. मी रिटायर झाल्यावरही त्यांनी ते हलवलं नव्हतं.