ठोका गिळणारी गाडी

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, पण ते आईच्या लक्षात राहत नाही. संध्याकाळी ताट समोर ठेवलं की ती विचारते, "हे आले नाहीत अजून?" आणि ते आल्याशिवाय ती जेवत नाही. खरं सांगून पाहिलं. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते, म्हणून सांगणं मी सोडून दिलं. ती वाळत चालली होती आणि मी नुसती चिडचिड करत होते.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत बाबांची जुनी गाडी झाकून ठेवलेली आहे. पूर्वी तिचा आवाज गेटपाशी ऐकू आला की आई वर भाजी गरम करायला घ्यायची. वाटलं, तेवढा आवाज ऐकवला तरी ती चार घास खाईल. मेकॅनिकला बोलावलं. त्याने कार्बोरेटर उघडून धुतला, इंजिनाचं टायमिंग लावलं, आणि गाडी लोण्यासारखी चालायला लागली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिला भंगार म्हणणारेच कौतुकाने बघायला आले. आई गॅलरीतून वाकून म्हणाली, "कोणाकडे पाहुणे आलेत गं?"

तिने आवाज ओळखलाच नव्हता. मग उलगडा झाला. बाबा टायमिंग कानाने लावायचे, आणि त्यांचा कान यथातथाच होता. शिवाय कार्बोरेटरचा स्क्रू ते जरुरीपेक्षा सैल ठेवायचे, पेट्रोल जास्त जावं म्हणून. गाडीला उपाशी ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ती उभ्या उभ्या धडधडताना मध्येच एक ठोका गिळायची.

मेकॅनिकला म्हटलं, "थोडी बिघडवा."

"ताई, त्यासाठी लोक दुसऱ्या गॅरेजला जातात."

कारण ऐकल्यावर मात्र त्याने पुन्हा बॉनेट उघडलं. टायमिंग हलवायला डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, स्क्रू सैल केला. "अजून थोडा," मी म्हणत राहिले. आणि एकदम तो ठोका चुकला. आता दार उघडून बाबा उतरतील असं वाटलं, आणि मला रडूच फुटलं. मेकॅनिक उगाचच हात पुसत बसला.

वर गेले तर आईने केस विंचरले होते. भाजी गरम होती, दोन पानं मांडलेली होती. "आले बाई एकदाचे," ती म्हणाली. मी घाईघाईने तिच्या पानात पोळी वाढली. तिने पान हलकेच बाजूला सारलं.

"थांब की जरा. गाडी लावून वर येतायत."