जांभळी विहीर

आज भाजी धुवायला पाण्यात पोटॅशचे, म्हणजे परमँगनेटचे, जांभळे दाणे टाकले आणि रत्नागिरीची आमची विहीर आठवली.

वाडीत पटकी आली होती. सेवामंडळाच्या तरुणांनी विहिरीत औषध ओतलं, तसं पाणी जांभळं झालं. "उद्या रंग उतरला की प्या," ते म्हणाले.

"मेल्यांनो, विष नाय ना घातलंत?" शेजारच्या काकू ओरडल्या.

सकाळी पाणी अजून किंचित गुलाबी होतं. आई पेलाभर प्यायली. आम्हा भावंडांना मात्र तिने संध्याकाळपर्यंत शहाळ्यांवर ठेवलं.

"गोड लागतं काय गो, आये?" मी दिवसभर विचारत होते.

"गप बस," एवढंच ती म्हणायची. गोड असणार, म्हणूनच एकटी पिते, असं मला वाटलं. ते पाणी बाधतं का, हे ती स्वतःवर पाहत होती, हे मला स्वतःला मुलं झाल्यावर कळलं.