दुसऱ्या पेटीची जागा

उत्तम गेल्याचं मला वसमतच्या भाजीबाजारात कळलं. हातात मेथीची जुडी होती आणि फोनवर हट्टा गावचा एक जण सांगत होता, "गुरुजी, उत्तम मिस्त्री गेले. सकाळी दुकान उघडलं अन् खुर्चीतच..." मी भाजीवाल्याला पैसे दिले, जुडी तिथंच विसरलो आणि चालत सुटलो. कुठं निघालो होतो, आजही सांगता येणार नाही. त्याला दीड महिना झाला, तरी एका जागी बसवत नाही. हे लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. उठावं आणि स्पीकरची पेटी होती त्या कोपऱ्याकडे बघावं, एवढाच उद्योग. सहा वर्षं मी तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला होता.

हट्ट्याच्या शाळेवर होतो तेव्हाची आमची ओळख. उत्तमचं जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. पाण्याच्या मोटारी, पंखे, मिक्सर, सगळं त्याच्याकडे यायचं. त्याचा एक नियम होता. मालक समोर असल्याशिवाय तो कुठल्याही वस्तूचं झाकण उघडायचा नाही. "माणसाची वस्तू हाये गुरुजी, त्याच्या माघारी पोट फाडायचं न्हाई," म्हणायचा. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. त्याचे वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. ते वारले, मागे त्यांच्या पखवाजाची एक कॅसेट राहिली. दुकानातल्या टेपवर ती लावून उत्तम वैतागायचा. "बापाची नुसती बोटं ऐकू येतात. हात काहून ऐकू येत न्हाई?"

त्या हातासाठी आम्ही कामाला लागलो. नांदेडच्या दुकानात मोठी सिस्टीम बघितली, किंमत ऐकून पाणी मागितलं आणि तिथून सरळ भंगार बाजार गाठला. दोन जुने स्पीकर मिळाले, एकाचा पडदा फाटका होता तो उत्तमने पातळ कागद चिकटवून नीट केला. मंडपवाल्याने टाकून दिलेला ॲम्प्लिफायर त्याने पुन्हा जिवंत केला. राहिल्या पेट्या. एक तो करणार आणि एक मीच करणार, असा हट्ट मी धरला. मोडक्या दिवाणाच्या फळ्या, फटीत सरस आणि भुसा, आत जुन्या गादीचा कापूस, आणि तोंडावर हळदीच्या पोत्याचं तरट. आठवडाभर माझी बोटं पिवळी होती. वर्गात लेकरं विचारायची, गुरुजी, कुणाचं लग्न हाये?

पेट्या झाल्या त्या दिवशी उत्तमने आळीतले चार लोक बोलावले. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, चहा केला. एकेक पेटी आधी वेगळी वाजवून बघितली होती, दोन्ही छान घुमत होत्या. आता दोन्ही एकत्र जोडल्या, कॅसेट लावली... आणि पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. घुमारा गायब. मी म्हणालो, तुझा ॲम्प्लिफायर भंगार आहे. तो म्हणाला, तुमची पेटी फुसकी हाये. शब्दाने शब्द वाढला. शेवटी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजी, तुमी लेकरायला शिकवा. सुताराचं काम तुमचं न्हाई." लोक हसले. मला शहाण्याला तेवढंच पुरलं. मी माझी पेटी उचलली, ऑटोत घातली आणि निघालो. त्याच वर्षी बदलीही वसमतला झाली.

पुढे लग्नाकार्यात भेटायचो. पाऊसपाणी बोलायचो. जाताना तो हमखास विचारायचा, "पेटी वाजते का?" मी म्हणायचो, "मस्त वाजते." साफ खोटं. एकदा मी शाळेत असताना बायकोने पंखा दुरुस्तीला त्याला बोलावलं होतं. संध्याकाळी ती म्हणाली, माठ बाजूला ठेवून तुमच्या पेटीपाशी बराच वेळ बसले होते. मला रागच आला. म्हटलं, खोड्या काढत असेल.

गेल्या रविवारी मात्र राहवलं नाही. पेटी पुसली, पेचकस खिशात घातला आणि हट्ट्याला गेलो. वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. उत्तमची पेटी एका स्टुलावर होती. चार हात सोडून दुसरं तसंच स्टूल होतं, रिकामं. ॲम्प्लिफायरपासून भिंतीला खिळ्यांनी धरत नेलेली तार त्याच्यावर गुंडाळून ठेवलेली. धूळ नव्हती. "रोज पुसायचे," वहिनी म्हणाल्या.

मी पेटी ठेवली, तिला तार जोडली, लालला लाल, काळ्याला काळी. आता डबा वाजणार याची खात्री होती. पण पखवाजावर थाप पडली आणि ती छातीत येऊन बसली. बोटं नाही, अख्खा हात. वहिनी खाली बसल्या. माझ्या मनाला तरी थारा नव्हता. आज कसं वाजलं? ॲम्प्लिफायरच्या मागे डोकावलो तर माझ्या पेटीकडे येणारी लाल तार तिथं काळ्या खुंटीत आणि काळी लाल खुंटीत. म्हटलं, उत्तम घाईत चुकला असेल. सरळ करून बघितली... आणि तोच पत्र्याचा डबा. पुन्हा उलटी केली, पुन्हा घुमारा.

मग लख्ख कळलं. सहा वर्षांपूर्वी मी माझ्या पेटीच्या आत तारा उलट्या जोडल्या होत्या. एकीचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरीचा मागे जायचा, आणि दोघी एकमेकींचा आवाज खाऊन टाकायच्या. दोष ना फळ्यांचा, ना ॲम्प्लिफायरचा. माझाच.

"पंखा नीट करून आले त्या दिवशी लई खुशीत होते," वहिनी म्हणाल्या. "पेटीला बॅटरीचा सेल लावून पडदा कुण्या बाजूला हालतो ते बघितलं म्हणे. मी म्हणलं, मग तितंच दुरुस्त काहून न्हाई केली? तर म्हणले, गुरुजी घरी नव्हते. अन् सांगितलं तर त्यायला वाईट वाटंल. आपण आपल्या बाजूनं उलटं करून ठिवू. एक दिवस आणतील पेटी."

मला रडू आवरलं नाही. निदान आता तरी चूक दुरुस्त करावी, माझी पेटी उघडावी, त्याची तार सरळ करावी, म्हणून मी पेचकस काढला आणि ॲम्प्लिफायरच्या मागे हात घातला.

वहिनींनी माझा हात धरला. "न्हाई गुरुजी. ती जोडणी ह्यांची हाये," त्या म्हणाल्या, "अन् मालक समोर न्हाई."