एकशे बेचाळिसावी ओळ

दिघोरीचा तेजराम भंडाऱ्याजवळच्या एका तेल कारखान्यात हंगामी कॉम्प्युटर ऑपरेटर होता. साल १९८९. "पुढच्या महिन्यात कायम करू" हे ऐकून चार वर्षांत त्याचे कान किटले होते.

त्या वर्षी कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख मधुकरराव साहेबांनी ट्रकच्या वजनकाट्यासाठी एक मॉड्यूल, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, लिहिलं. ते चालू मशीनच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, वरून चढवायचं. काट्यावर ट्रक आला की अख्खी मशीनच ठप्प! मालक भडकले. साहेब तेजरामला बाजूला घेऊन म्हणाले, "दोष शोध, तुझी कायम करण्याची ऑर्डर मी काढतो."

तेजरामनं दुसरी मशीन केबलनं जोडली आणि तिच्यावर डिबगर, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधून देणारा प्रोग्राम, लावला. मॉड्यूल दरवेळी मेमरीत नव्या जागी बसायचं. ती जागा सांगितली नाही, तर डिबगर खुशाल भलतीच ओळ दाखवायचा. तेजराम पत्ता तळहातावर लिहून घ्यायचा, पुन्हा सुरुवात करायचा. नवव्या दिवशी सापडलं. ओळ एकशे बेचाळीस. काट्याचा मोठा आकडा लहान जागेत कोंबला होता, त्यानं शेजारचं सगळं पुसलं जायचं. ओळीपुढे लिहिणाऱ्यानं आद्याक्षरं टाकायची, हा साहेबांचाच नियम. तिथं होतं 'एम. के.', म्हणजे खुद्द साहेब.

दिघोरीत वडीलधाऱ्याची चूक चारचौघांत काढत नाहीत. धाकट्यानं ती अंगावर घ्यायची, आणि मोठ्यानं लगेच म्हणायचं, "नाही रे, माझीच." या भोळ्याला वाटलं, सगळं जग दिघोरीच आहे. त्यानं जुन्या ओळीपुढचं 'एम. के.' पुसून स्वतःचं 'टी. बी.' लिहिलं, मग ओळ दुरुस्त केली, जुन्या-नव्या ओळींचा कागद छापला आणि मालकांपुढे म्हणाला, "माझ्या हातून झालं."

मग त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब कागदाकडे पाहत होते. "मी बजावलं होतं याला," ते म्हणाले.

गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या दिवशी तेजरामला फाटकावरच अडवलं.

"काहून घेतलं जी अंगावर?" बायको निर्मला कडाडली.

"मोठ्या मानसाले चारचौघात उघडा कसा पाडू?"

"त्यानं तुमाले पाडलं ना! जा, मालकाले खरं सांगा."

तो गेला. मालकांनी ऐकून घेतलं, कागद काढला आणि एकशे बेचाळिसाव्या ओळीपुढच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?"

तेजरामला खोटं बोलता येत नव्हतं. "मीच," तो म्हणाला.