पल्लवीच्या मागे दुर्गपर्यंत

आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही, म्हणून त्या दुपारी जे घडलं त्याला काय म्हणावं हे मला अजून कळलेलं नाही.

माझी पल्लवी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघीच. ती धड जेवेना, बोलता बोलता तिचे डोळे मिटायचे, जरा विचारलं की अंगावर यायची. आमच्या स्मृति नगरात बायका कुजबुजत, की कॉलेजची पोरं आता दारूवर थांबत नाहीत, गोळ्या घेतात, आणि त्यात मुलीही आहेत. मी पोटच्या पोरीची बॅग हुंगू लागले. तिच्या मैत्रिणी, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला, सगळ्यांवर माझा संशय. विहारात वंदना म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे नशेपासून दूर राहण्याच्या वचनाला, माझा आवाज मुद्दाम चढायचा. पल्लवी शेजारी मान खाली घालून बसायची.

एके दिवशी दुपारी जवळच्या सुपेल्याच्या चौकात ती एका अनोळखी बाईबरोबर दिसली. बाईनं पर्समधून काहीतरी काढून तिच्या हातावर ठेवलं आणि दोघी शेजारच्या दुर्ग शहराच्या ऑटोत बसल्या. तशीच मी मागच्या ऑटोत चढले. त्रिशरण म्हणू गेले, तर शब्द आठवेनात. शेवटी मनात एवढंच आलं, माझ्यानं हे होत नाही आता.

दुर्गला दोघी एका दवाखान्यापुढे उतरल्या. मी धावत जाऊन बाईचं मनगट धरलं.

"काय देऊन राहिल्या तुमी माह्या पोरीले?"

"आवळा हाय, ताई," ती शांतपणे म्हणाली. "तलफ आली का तोंडात धरायले. माह्या पोराले गोळ्या सोडवाले मी इथंच आणत होती. हे पोरगी बस स्टॉपवर रडून राहिली होती, म्हणून थांबली मी."

मी पल्लवीकडे वळले. "मले कावून नाई सांगितलं?"

"कैसे बताती, आई? विहारात तू माह्याकडेच पाहे. मले वाटे, तुले सब पता है, आता घरातून काढशील."

माझ्या हातातलं मनगट कधी सुटलं, कळलं नाही. आधी परीक्षेत जागायला, मग झोपायला, असं करत तिला गोळ्यांची सवय जडली होती, हे मी डॉक्टरांसमोर तिच्या शेजारी बसून ऐकलं.

मधे ती पुन्हा एकदा घसरली, पण त्या वेळी स्वतः येऊन मला सांगितलं. संशय माझा अजून गेलेला नाही. ती फोनवर हळू बोलली की माझे कान उभे राहतात. पण बॅगेला मी हात लावत नाही. भिलाईच्या एवढ्या गर्दीत एक बाई माझ्या लेकीसाठी थांबली, हे आठवलं की हात आपोआप जुळतात. पल्लवीला सावरणं माझ्या एकटीच्या हाती नाही, हे कबूल केल्यापासून मला झोप लागते.