समोरचा जावई

“पोरगा पाण्याचं विचारतो, म्हणजे संसार करणारा शे,” मामा मामीच्या कानात म्हणाले. मामांच्या कानगोष्टी रस्त्यापलीकडच्या पानटपरीवरही ऐकू जातात, त्यामुळे काउंटरवर बसलेल्या मला ही ऐकू आली यात नवल नव्हतं. मामी पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती. आणि ज्याच्याविषयी हे चाललं होतं तो धुळ्याचा तरुण, डोक्यावर गॉगल चढवून, रॅम्पशेजारी वाकून आमच्या बोअरच्या पाइपाचा फोटो काढत होता.

माझ्या मामांना या जगात कुणाचाही संशय येत नाही. असा दुसरा माणूस जळगाव जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडला तर तो मामांच्याच बाकड्यावर बसलेला असेल. पिंप्राळ्यात त्यांचं वॉशिंग सेंटर आहे. एक रॅम्प, एक प्रेशर मशीन, दोन कामगार, वर पत्रा आणि कडुलिंबाखाली एक लांब बाकडं. गाड्या धुणं हा या जागेचा जोडधंदा आहे. मुख्य धंदा बाकड्यावर चालतो. गाडी रॅम्पवर चढली की मालकाला बाकड्यावर बसवायचं, चहा पाजायचा आणि गाव, आडनाव, आजोळ विचारायचं. मामा मूळचे साक्रीकडचे (‘आहे’ला ते अजून ‘शे’च म्हणतात), त्यामुळे तिकडचा माणूस त्यांचा नातेवाईक निघतोच. भुसावळचा असेल तर त्याचा शेजारी तरी निघतो. एकदा भुसावळहून रेल्वेतले एक केरळचे साहेब गाडी घेऊन आले होते. त्यांच्या आजोळापाशी मामा थोडे अडखळले, पण हार मानतील तर मामा कसले! त्यांनी साहेबांच्या ड्रायव्हरला बोलावलं, तो शिरपूरचा निघाला, त्याची मावशी साक्रीत दिलेली निघाली, आणि साहेब चहा संपवून उठेपर्यंत त्यांना व्याह्यासारखा निरोप मिळाला. साहेबांना यातलं काय कळलं कोण जाणे, पण पुढच्या महिन्यात ते बायकोला घेऊन आले.

गाडी धुण्याआधी मामा तिचं दार उघडून आत डोकं घालतात आणि एक दीर्घ श्वास घेतात. त्यावरून त्यांना त्या कुटुंबाबद्दल सगळं कळतं असं त्यांचं म्हणणं आहे. पांढरी गाडी घेणारा माणूस बायकोचं ऐकत नाही, लाल गाडी घेणारा बापाचं ऐकत नाही, आणि करड्या रंगाची गाडी घेणाऱ्याचं घरात कुणीच ऐकत नाही, हेही त्यांनीच ठरवलेलं. एका शिक्षकांच्या गाडीतली ड्रायव्हरशेजारची सीट पार मागे सरकवलेली पाहून त्यांनी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, “सर, वहिनी तुमच्यावर नाराज शेत. बोलणं नको म्हणून सीट मागं घेतलेली शे.” सर लालबुंद होऊन गेले. पुढच्या वेळी सीट पुढे होती आणि सरांनी मामांसाठी पेढे आणले होते. सरांचा उंच भाचा आठवडाभर त्या सीटवर बसत होता हे मला सरांनीच काउंटरवर सांगितलं. मामांना सांगायची हिंमत आम्हा दोघांचीही झाली नाही.

घाई हा प्रकार सेंटरवर चालत नाही. रावेरकडून केळी उतरवून आलेली पिकअप असो की डॉक्टरांची मोठी गाडी, नंबर येईल तेव्हाच पाणी. केळीच्या चिकाचे काळे डाग मामा स्वतः घासतात, त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना आवडत नाही. कुणी हॉर्न वाजवलाच तर ते शांतपणे किल्ली परत करतात. “घाई शे तर मळकी न्या भाऊ. मळकी गाडी बी तितकीच पळते.” आजवर कुणी मळकी नेलेली मी पाहिली नाही.

मी धुळ्याची. शिकायला जळगावात आले, मामांकडे राहू लागले आणि दुपारी कॉलेज सुटलं की काउंटरवर बसू लागले. गिऱ्हाइकांशी मी फार बोलत नसे. इंग्रजी शाळेमुळे अडुसष्ट आणि अठ्ठ्याहत्तर यांतला फरक मला ऐन वेळी आठवत नाही, म्हणून मी कॅल्क्युलेटरच त्यांच्यापुढे फिरवून धरते. मामा सगळ्यांना सांगतात, “आमची भाची लई शिकलेली शे, म्हणून कमी बोलते.”

श्रावणात मामीच्या धुळ्याच्या चुलतभावाचा फोन आला. एक स्थळ आहे, मुलगा गाड्यांच्या धंद्यात आहे, कुठल्या तरी दिवशी गिऱ्हाईक म्हणून सहज येऊन मुलगी पाहून जाईल, तुम्ही काही दाखवू नका. आमच्याकडे ही पद्धत आहे. राजरोस पोह्यांच्या कार्यक्रमाआधी मुलाकडचे असे गुपचूप चक्कर मारून जातात, आणि मुलीकडचे काहीच माहीत नसल्याचं सोंग करत त्या आठवड्यात रोज घर सारवल्यासारखं स्वच्छ ठेवतात. मामांनी रॅम्पला रंग दिला.

आणि गॉगलवाला आला. धुळ्याचा, तरुण, गाड्यांच्या धंद्यातला. त्याची गाडी आधीच चकचकीत होती. मला तिथेच शंका आली. मामांना खात्री पटली. “पाहायला येणारा माणूस गाडी धुऊनच येतो,” ते मामीला म्हणाले. मग त्या तरुणानं विचारायला सुरुवात केली. दिवसाला गाड्या किती येतात? उन्हाळ्यात बोअर आटते का? जागा स्वतःची की भाड्याची? कामगार टिकतात का? मुलीकडच्या माणसानं जे करायचं ते सगळं मामांनी केलं, म्हणजे प्रत्येक गोष्ट दुपटीनं वाढवून सांगितली. बोअर म्हणे कधी आटलीच नाही, उलट मे महिन्यात तिचं पाणी वाढतं. दिवाळीत गाड्यांची रांग रेल्वे फाटकापर्यंत जाते. “गिऱ्हाईक इतकं शे पाव्हणे, की आम्हाले पुरं पडत नाही!” पाहुणे हे मोबाइलमध्ये टिपून घेत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, तेही माझ्यामागच्या दरपत्रकाचा फोटो काढताना मी मध्ये येत होते म्हणून.

तो गेल्यावर मी मामीला म्हटलं की त्यानं जाताना समोरचा रिकामा प्लॉट पावलांनी मोजला. मामी म्हणाली, “बारीक नजर आहे गं मुलाची.” मामांना म्हटलं की तो माझ्याकडे पाहतच नव्हता. मामा प्रसन्न झाले. “लाजरा शे. तू बी लाजरी. घर कसं शांत राहील!”

पोळा झाला आणि समोरच्या प्लॉटवर फलक लागला. ऑटोमॅटिक कार वॉश, फोम वॉश, दसऱ्यापासून आपल्या सेवेत. खाली गॉगलवाल्याचा हात जोडलेला फोटो. धुळ्यात त्याची अशी दोन सेंटर्स आहेत आणि हे तिसरं, असंही लिहिलेलं. मामांच्या दुपटीच्या हिशोबावर विसंबून त्यानं पिंप्राळ्यात सोन्याची खाण पाहिली होती. आता तरी मामांच्या लक्षात येईल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बघ,” ते म्हणाले, “पोरीला माहेर लांब पडायला नको म्हणून धंदाच उचलून समोर आणला. घरजावई ऐकला होता, समोरचा जावई पहिल्यांदाच पाहतोय.”

“मामा, ते आपल्याशी स्पर्धा करणार आहेत.”

“स्पर्धा कशाची? घरातल्या घरात?”

तो मला पाहायला आला नव्हता, हे वाक्य स्वतःच्या तोंडानं आणि तेही मामांसमोर म्हणायला जी हिंमत लागते ती कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. धुळ्याला फोन करून विचारा असं मामीनं सुचवलं, तर मामा म्हणाले मुलीकडच्यांनी घाई करायची नसते, निरोप त्यांच्याकडून यायला हवा. आणि निरोपाची वाट पाहता पाहता त्यांनी एक निर्णय घेऊन टाकला. एका घरची दोन दुकानं समोरासमोर शोभत नाहीत. दसऱ्याला आपलं मशीन बंद, कामगार समोर पाठवायचे, आपण साक्रीकडे शेतावर जायचं. बाकड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, “दसऱ्यापासून समोर जा बरं. आपलंच शे.” डॉक्टर हळहळले, शिक्षकांनी पुन्हा पेढे आणले, पिकअपवाल्यानं विचारलं, “अन् चिकाचे डाग?” मामा म्हणाले, “जावयाला शिकवून जाईन.” ते समोर जाऊन शिकवूही लागले. उतार कुठे द्यायचा, गटारीला जाळी कशी लावायची, कुठला मिस्त्री भरवशाचा. गॉगलवाला ऐकून घेई आणि मिस्त्री मात्र धुळ्याचा आणी. इतक्या मदतीत काहीतरी डाव असणार, असं त्याला वाटत असावं.

दसरा जवळ आला तसा तो उद्घाटनाची पत्रिका घेऊन आमच्याकडे आला. मामांनी त्याला बाकड्यावर बसवलं, टोपी नीट केली आणि मामीला हाक मारली. मी काउंटरमागे होते आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, या विचारात होते.

“मग पाव्हणे,” मामा म्हणाले, “पत्रिका आणली, चांगलं केलं. आता दुसऱ्या पत्रिकेचं बी बोलून घेऊ. पोरगी तुम्ही पाहिलेलीच शे.”

“कोणती पोरगी?”

“आमची भाची.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच त्याची दया आली. “नाना,” तो मामांना चाचरत म्हणाला, “माझं लग्न झालेलं शे. पोरगी शे मला, बालवाडीत जाते. मी... मी धंदा पाहायला आलो होतो.”

मामा रागावतील, निदान समोरच्या फलकाकडे तरी एकदा पाहतील असं मला वाटलं. ते वळले ते माझ्याकडे. “पोरी,” ते म्हणाले, “तुला वाईट वाटलं का गं? माझीच घाई झाली.” आपले कामगार, आपली गिऱ्हाइकं आपण हातानं उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवायला निघालो होतो हे त्यांच्या मनातसुद्धा आलेलं नव्हतं. मग त्यांनी त्या तरुणाला विचारलं, “पोरीचं नाव काय ठेवलं? आजोळ कुठलं तिचं?”

धुळ्याच्या स्थळाचा खरा मुलगा केव्हा आला, आला की नाही, हे आजही कुणाला माहीत नाही. कदाचित तो गाडी धुऊन, कॅल्क्युलेटर पाहून निघूनही गेला असेल.

गॉगलवाला उठला, पण जाईना. त्याला बहुधा ओशाळं वाटत होतं आणि काहीतरी देऊन मोकळं व्हायचं होतं. “नाना, एक बोलू? मला काउंटरला शिकलेली मुलगी पाहिजेच आहे. एसी केबिन आहे. ताईंना माझ्याकडे द्या. तुम्ही तसेही बंदच करताय.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. हातातलं फडकं त्यांनी विनाकारण पिळलं, त्यातून पाण्याचा थेंबही पडला नाही. “तिचं चांगलं होत असेल तर मी कशाला नाही म्हणू,” ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मामांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या मानेवरचे केस सगळे पांढरे झाले आहेत हेही मला त्याच वेळी दिसलं. समोरून टोपीमुळे ते कळत नाही. रॅम्पवर अर्धी धुतलेली एक रिक्षा फेसात उभी होती आणि कामगार पाणी बंद करून आमच्याकडे पाहत होते. सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते, आणि मान हलवून भागण्यासारखं ते नव्हतं.

मी काउंटरमागून बाहेर आले.

“मामा,” मी म्हणाले, “दसऱ्यानंतरही आपलं सेंटर सुरूच राहणार आहे. गिऱ्हाइकांना मी सांगते.”