फक्त डोळे राहिलेत

जोहे गावच्या इंदुबाईंच्या गणपती कारखान्यात एकही मूर्ती कधी अपुरी नव्हती. गिऱ्हाईक आलं की हातातला ब्रश न थांबवता त्या म्हणायच्या, "झालीच ओ तुमची. फक्त डोळे राहिलेत." मूर्ती तेव्हा साच्यातसुद्धा पडलेली नसायची. गिऱ्हाइकंही काही भोळी नव्हती. मूर्ती हवी त्याच्या चार-आठ दिवस आधीची तारीख सांगून ठेवायची. दोन्हीकडच्या थापा एकमेकींत वजा व्हायच्या आणि गणपती वेळेवर घरोघरी पोचायचे.

याच शाळेत त्यांचा मुलगा निकेश वाढला आणि सॉफ्टवेअर कंपनीत लागला. काम घरूनच, माळ्यावर बसून. साहेबांनी विचारलं की हाही म्हणायचा, "झालंच सर, थोडं फिनिशिंग राहिलंय." एकदा क्लायंटने त्याचं काम उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

नोकरी कायम व्हायच्या तोंडावर कंपनीनं त्याला ऋतुजा मॅडमच्या शिकवणीला बसवलं. अडचण आधी सांगायची, मग आपण काय करणार ते सांगायचं, समोरच्याला खरं काय हवंय ते विचारायचं, बस, एवढंच. शुक्रवारी क्लायंटसमोर हे करून दाखवलं तर नोकरी, नाहीतर घरी.

"याला शिकवणी लागते?" इंदुबाईंनी विचारलं.

"आपल्या घरात लागते. मॅडम म्हणाल्या, कुणावर तरी सराव कर."

"कर की मग."

पण पोरगा तो सराव आपल्या गिऱ्हाइकावर करेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. गुरुवारी अष्टमी गावचा गोविंदा गल्लीच्या गणपतीची चौकशी करायला आला. इंदुबाईंनी "झालीच" म्हणेपर्यंत निकेश मध्ये पडला. "गोविंदामामा, तुमची मूर्ती अजून साच्यातच हाय. हवा दमट, वाळायला वेळ लागतो. पुढच्या बुधवारी देतो."

इंदुबाईंचा ब्रश समोरच्या बाप्पाच्या कानावरून थेट गालावर गेला.

गोविंदा मटकन स्टुलावर बसला. "घरात कोण आजारी हाय काय?"

"नाय ओ."

"मग खरं कशाला बोलता? तुम्ही साच्यात म्हणता, मंजे अजून साचाच आणला नसंल! तुमचा बुधवार विसर्जनानंतरचा. मी जातो हमरापूरच्या कारखान्यात."

खाल्लंस ना गिऱ्हाईक, असं इंदुबाईंनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं. पण निकेशनं गोविंदाचा हात धरून त्याला आत नेलं आणि तो हात साच्यावर ठेवला. "बघा, हाय ना? आता तुम्ही सांगा, मूर्ती खरी कधी पायजे?"

गोविंदानं वर छपराच्या पत्र्याकडे पाहिलं, मग चोरून इंदुबाईंकडे. "पुढच्या शुक्रवारी. तुझ्या आईला हा शनिवार सांगितलेला." मग चहाही प्यायला.

शुक्रवारी निकेशचा क्लायंटशी कॉल सुरू झाला तशा इंदुबाई रंगाची वाटी घेऊन माळ्याच्या शिडीखाली उभ्या राहिल्या. इंग्रजीतलं त्यांना 'नॉट डन' तेवढं कळलं. मग निकेशनं काहीतरी विचारलं. मग बरीच कुजबुज, आणि चक्क हसणं.

तो खाली आला. "क्लायंटला खरं महिनाअखेरीला हवंय. आम्हाला मुद्दाम पंधरा तारीख सांगितली होती. मॅडम म्हणाल्या, कायम झालास."

"अगो बाई, मंजे ती गिऱ्हाइकं पण आपल्यातलीच!"

तेवढ्यात फोन वाजला. रोह्याच्या सीताबाई घरच्या मूर्तीचं विचारत होत्या.

"झालीच ओ," इंदुबाई म्हणाल्या, "फक्त डोळे राहिलेत." निकेश खाकरला. त्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. "डोळे... आन सोंड. आन हात, पोट. पाट तेवढा तयार हाय."